पाठ

तीन मोसम मी तुझी पाठ पाहिली, राव्ना.
चेहरा फक्त कॉर्नरच्या वेळी,
तू वळून विचारायचीस, "जवळच्या खांबाला कोण?"
आणि मी सांगायच्या आत
स्वतःच जाऊन उभी राहायचीस.

गोलकीपरला संघ असा मागूनच दिसतो.
तुझा चार नंबर, त्याचा सुटत आलेला एक कोपरा,
मानेशी घट्ट बसवलेली वेणी,
उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली.
तो आणखी उतरला की मला कळायचं,
आता ही झेपावणार नाही.
आता ही थांबणार.

हे थांबणं उपजत आहे, असं प्रशिक्षक म्हणायचे.
नव्हतं. नार्विकला जाताना बसमध्ये तूच सांगितलंस,
काराशोकला मावशीच्या कळपामागे सारं बालपण गेलं,
रेनडिअरला ढकलून वळवता येत नाही.
त्याला जिथं जायचंय तिथं आधी पोचायचं
आणि नुसतं उभं राहायचं, इकडेतिकडे बघत,
जणू आपलं तिथं काही कामच नाही.

ट्रोम्सोत जानेवारीचा सराव दिव्यांखाली.
सूर्य रजेवर. खोट्या गवतातले काळे रबरी दाणे
मोज्यांत, माझ्या गाडीत, एकदा तर सूपमध्ये.
एकोणिसाव्या वर्षी तुझा पहिला करार झाला, तीन पानी.
त्यात खोलीचं भाडंही निघेना,
म्हणून पहाटे चारला तू बेकरीत.
तुझ्याजवळून धावत गेलं की
वेलचीचा वास यायचा.
समोरच्या फॉरवर्डनाही येत असणार.
हसू येतं मला, किती जणींना
वेलचीच्या वासानं अडवलं असेल तू.

पेपरात नाव आलं एकदाच.
स्वयंगोल, एक्क्याऐंशीव्या मिनिटाला.
आधीची ऐंशी मिनिटं छापायला कुणाकडे जागा नव्हती.
तो चेंडू माझा होता, राव्ना.
दोन पावलं पुढं येऊन "माझा!" म्हणायचं,
एवढंच काम होतं माझं.
आवाज घशापर्यंत आला आणि तिथंच बसला,
तू पाय घातलास, कारण तुला मागचं दिसत नव्हतं,
मागचं बघायला मी होते.
मैदानाबाहेर माईक तुझ्यापुढे आले.
"चूक माझी," म्हणालीस, ओठ निळे पडलेले.
मी शेजारून हातमोजे सोडत निघून गेले.
हे तेव्हा बोलले नाही.
बसमध्ये बोलेन म्हटलं, तू झोपली होतीस,
किंवा तसं दाखवत होतीस.

मग पुढच्या मार्चमध्ये तुझा गुडघा.
आवाज मला गोलपर्यंत ऐकू आला,
वाळली काडी मोडावी तसा, पण ओला.
दहा महिने. जिने तू उलटी उतरायचीस, कठडा धरून,
आणि खाली पोचलीस की मोठ्यानं पायऱ्या मोजून सांगायचीस,
सतरा, आज सतरा,
जणू कुणी त्यांचाही गुणतक्ता ठेवतंय.

परत आलीस तेव्हा उजवा खांदा सरळ झाला होता.
मला तुझी पाठ नव्यानं पाठ करावी लागली.

आता तू जर्मनीत, चोवीस वर्षांची.
माझे हातमोजे गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांवर.
शनिवारी सामना लावते.
कॅमेरा चेंडूमागं धावतो, त्याचा तो धर्मच,
तू बहुतेक वेळ चौकटीबाहेर.
मी पडद्याच्या डाव्या कडेकडे बघत बसते,
तिथं कधी कोपर दिसतं, कधी सावली,
कधी फक्त समोरची मुलगी बिचकून
चेंडू मागं देते, तेवढ्यावरून कळतं
की तू आधीच जाऊन उभी आहेस.

काल शेवटच्या मिनिटाला उंच चेंडू आला,
तुझ्या डोक्यावरून, उजेडातून,
आणि मी कोचावरून उठून ओरडले,
"माझा! सोड, माझा!"
स्वयंपाकघरातून यॉस्टाईननं विचारलं,
गोल झाला का?
नाही, म्हटलं. काहीच झालं नाही.